रोजनिशी आणि वेबिल

"काय लिखस व माय?"

धुळ्याला देवपुरात मामांच्या घरी मी गच्चीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसले की हा प्रश्न येतोच. गेली तीस वर्षं येतो आहे. खानदेशात वाटेवर भेटलेला माणूस 'कथा जास?' म्हणून विचारतो, तेव्हा तुम्ही कुठे चाललात हे त्याला कळून घ्यायचं नसतं; तुम्ही दिसलात, एवढंच सांगायचं असतं. मामांचा प्रश्नही त्यातलाच. पण यंदा कानबाईच्या सणाच्या आदल्या रात्री त्यांनी तो विचारला आणि खुर्ची ओढून उत्तराची वाट पाहत बसले. खाली घरात सुरतेहून आलेली माणसं मावत नव्हती. दोघा मामेभावांची कुटुंबं, एकाची सासू, पोरं, पिशव्या. वर आम्ही दोघंच.

मामा एसटीत कंडक्टर होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर लागले, २००८ साली निवृत्त झाले. निम्मी नोकरी धुळे–साक्री–नवापूर–सुरत या रस्त्यावर गेली, उरलेली मुक्कामी गाड्यांवर. मी जन्माने सुरतेतल्या उधन्याची. वडील अमळनेर तालुक्यातले, सुरतेला डाइंग मिलमध्ये. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. सुरतेत आम्ही 'मराठी' आणि सुट्टीत धुळ्याला आलो की 'सुरतवाले'. आता जळगावला शिक्षिका आहे. रोजनिशी १९९३ पासून. पहिली डायरी मिलच्या शेठने दिवाळीला वडिलांना दिलेली. तिच्यात नवं वर्ष गुढीपाडव्याला नाही, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी उघडत होतं, आणि पानोपानी चौघडिये छापलेले होते.

"रोजनिशी लिहिते, मामा."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुझं तुला माहीत नाही का?"

मामांचं बोलणं मी इथं छापील मराठीत उतरवते आहे. ते बोलत होते अहिराणी. या उतरवण्यावरूनही पुढे वाजलंच.

मी त्यांना नुकतंच लागलेलं एक कोडं सांगितलं. उन्हाळ्यात सगळ्या वह्या काढून ओळीने वाचल्या होत्या. 'घरी' हा शब्द कुठे कुठे येतो ते पाहत गेले. सुरतेत लिहिलेल्या पानांवर 'घरी जायचंय' म्हणजे धुळ्याला. धुळ्यात लिहिलेल्या पानांवर 'घरी' म्हणजे उधन्याच्या खोलीत. लग्न होऊन जळगावला आले, तर 'घरी' म्हणजे आईकडे. आई गेली, आणि त्यानंतर दोन वर्षं तो शब्दच नाही. 'जळगाव', 'धुळे', 'सुरत' अशी एसटीच्या पाटीसारखी नुसती नावं. जिथे बसून लिहिलं त्या जागेला मी एकदाही घर म्हटलेलं नाही.

"हे वहीने दाखवलं," मी म्हणाले. "नाहीतर मला कळलंच नसतं."

मामा हसले. "नवापूर स्टेशनावर बाक आहे, पाहिलाय ना? अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. बसणारा कधी उठून पाहतो का आपलं बूड कुठल्या राज्यात आहे ते? ज्याला गाडी धरायची तो बसतो. फोटो काढणारा तेवढा उभा राहून रेघ बघतो. तू रेघ बघत उभी आहेस."

हे लागलं. म्हणून मीही लागेल असं बोलले. "तुम्ही पस्तीस वर्षं हिंडलात. वेबिल रोज लिहिलंत. कुठल्या टप्प्याला किती तिकिटं, कुठला नंबर सुरू, कुठला बंद. त्यात तुम्ही कुठे आहात?"

"सही आहे ना खाली."

"आणि ती वेबिलं कुठे आहेत?"

"डेपोत भरली. रद्दीत गेली असतील." त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "गाडी कुठे गेली, पैसे किती आले, त्याचा हिशोब लागला. संपलं काम. तुझ्या वहीचा हिशोब लागला का?"

नव्हता लागला. मी विषय मोठ्या माणसांवर नेला. वादात अडकलेली माणसं तेच करतात, आणि मी तर मास्तरीण.

"साने गुरुजींचा लागला," मी म्हणाले. "पालगडचं घर गेलं. कर्जापायी जप्ती आली, १९१७ साली आई गेली. हा माणूस कोकणातून उठून अमळनेरला आला. तत्त्वज्ञान मंदिरात आधी, मग १९२४ पासून प्रताप हायस्कुलात शिक्षक. तिथल्या छात्रालयात पोरांच्या खोल्या झाडल्या, भांडी घासली. आणि मग १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ तारखेच्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि उतरवली. घर हातचं गेल्यावर त्यांना ते कागदावर मिळालं. न लिहिता मिळालं असतं?"

मामांना गुरुजी कमी माहीत आहेत असं मी धरून चालले होते. अमळनेरच्या पट्ट्यातल्या माणसाबद्दल असं धरू नये.

"श्यामची आई लिहिलेली आहे? नीट वाच. ती सांगितलेली आहे. रात्र झाली, प्रार्थना झाली, सगळे बसले, श्याम बोलायला लागला. एक रात्र, दुसरी रात्र. गुरुजी एकटे कोठडीत होते, तरी त्यांनी समोर ऐकणारे बसवून घेतले. स्वतःशी लिहायचं असतं तर रोजनिशी लिहिली असती. त्यांना जमेना. सांगायला माणूस लागला."

मी गप्प झाले. कारण यात तथ्य होतं, आणि मला आणखी एक आठवलं, ते मामांच्या बाजूचं निघालं. गुरुजी छात्रालयात हाताने लिहून एक दैनिक काढत. 'छात्रालय दैनिक'. रोज रात्री लिहायचं, सकाळी पोरांनी वाचायचं. वसतिगृहाची रोजनिशीच म्हणा, पण कुलूप नसलेली.  माझ्या पहिल्या डायरीला पितळी खिट्टी होती आणि तिची चावी मी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवली होती. आईने ती एकदा तोडून फेकली. ते जाऊ दे.

"बरं, सांगितली," मी म्हणाले. "पण मग विनोबा? याच गावात. १९३२ साल, धुळ्याचा तुरुंग. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी एक अध्याय, १९ जूनला अठरावा. अठरा रविवार विनोबा बोलले. समोर जमनालाल बजाज, गुलझारीलाल नंदा अशी माणसं बसलेली. आणि साने गुरुजी लिहीत होते. ना शॉर्टहँड, ना यंत्र. नुसता हात. त्या दिवसांत गुरुजींचा हात दुखला असता तर 'गीता प्रवचने' नावाचं पुस्तक जगात नसतं. बोलणारा मोठा खरा, पण राहिलं ते लिहिणाऱ्यामुळे."

"मग मी काय म्हणतो?" मामा पुढे सरकले. "एक बोलला, दुसऱ्याने लिहिलं. विनोबांनी स्वतः वहीत खरडत बसायचं ठरवलं असतं तर? आणि गुरुजींचं बघ. त्या अठरा रविवारी त्यांच्या मनात काय कमी चाललं असेल? बाहेरचं सगळं सोडून आलेला माणूस. पण लिहिलं कुणाचं? दुसऱ्याचं. कंडक्टरसारखं." इथे त्यांचा आवाज जरा फुगला. "आम्ही पण दुसऱ्याचाच प्रवास लिहितो."

मला हसू आलं. कंडक्टर आणि गुरुजी एका ओळीत बसवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण मुद्दा सोडवेना. धुळे-जळगाव या दोन जिल्ह्यांच्या मातीत झालेली, घराघरात पोहोचलेली दोन पुस्तकं काढा. एक 'गीता प्रवचने', दुसरं बहिणाबाईंची गाणी. दोन्ही बोलणाऱ्याने लिहिलेली नाहीत. बहिणाबाईंना अक्षरओळखच नव्हती. १८८० साली असोद्याला जन्म, तेरा वर्षांच्या झाल्या न झाल्या तोच लग्न होऊन जळगावच्या चौधरीवाड्यात. असोदा ते जळगाव अंतर तरी किती? आज गाडीने अर्धा तासही लागत नाही. तेवढ्या अंतरात त्या बाईने माहेर आणि सासर यांच्यामधलं सगळं जग पाहिलं. शेतात, जात्यावर गायली. मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने जमेल तसं टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

"म्हणजे तुझी बाजू पडली," मामा म्हणाले. "त्या माउलीने वही नाही ठेवली."

"नाही पडली. किती बायका जात्यावर गायल्या, मामा? माझी आजी, तुमची आई, गात नव्हती? तिचं एक तरी गाणं तुम्हाला पूर्ण येतं? बहिणाबाईंना लिहून घेणारा मुलगा होता, तोही कवी. तुमच्या आईला होता तो कंडक्टर."

बोलून गेले आणि वाटलं, जरा जास्त झालं. मामा उठून कठड्याशी गेले. खाली चौरंग मांडायची गडबड चालली होती, कुणीतरी परकराच्या कापडासाठी ओरडत होतं.

"दोन ओळी येतात," ते पाठमोरेच म्हणाले. "दळण संपतानाच्या. त्या आधीचं गेलं."

त्या दोन ओळी त्यांनी म्हटल्या नाहीत, मीही मागितल्या नाहीत.

थोड्या वेळाने मामांनीच सूर बदलला. मुक्कामी गाडीची गोष्ट काढली. सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. रात्री नऊला गाडी पोहोचायची, पहाटे साडेपाचला सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे. पहिल्याच मुक्कामाला एक म्हातारी आली. फडक्यात दोन कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा. तिने विचारलं, "कोणता गावना?" मामांनी गाव सांगितलं. तिला ते गाव माहीत नव्हतं. तरी "मग तू आमनाच," म्हणाली. त्यानंतर मामांची ड्यूटी जेव्हा जेव्हा त्या गाडीवर लागली, तेव्हा तेव्हा फडकं आलं. पाच वर्षं. मग एकदा आलं नाही.

"नाव काय तिचं?"

"कोणाला ठाऊक. भाकरवाली मावशी."

"साल कोणतं?"

"नाही ध्यानात."

"बघा!" मी वहीवर हात आपटला. "त्या रात्री दोन ओळी लिहिल्या असत्या तर नाव राहिलं असतं."

"काय लिहिलं असतं मी? दमलो होतो. लिहिलं असतं, 'मुक्काम. भाकर खाल्ली.' तेवढ्यावर तुला आज काय कळलं असतं?" मामा परत येऊन बसले. "लिहिलं नाही म्हणून तर ती डोक्यात राहिली. लिहिणारा माणूस कागदाला देऊन मोकळा होतो."

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. माझ्या वह्यांमध्ये खरोखरच 'भाकर खाल्ली' जातीच्या ओळी ढिगाने आहेत. '१४ जून. उधना. पाऊस नाही. बाईंनी नाव विचारलं.' त्या दिवशी बाईंनी नाव विचारून पुढे काय म्हटलं ते वहीत नाही, आणि तेच तेवढं मला आजही जसंच्या तसं आठवतं. घरी बोलतो तसंच मी बोलले होते, आणि त्या म्हणाल्या होत्या की ही भाषा दप्तरात ठेवून यायची. त्या रात्री मी रोजनिशी छापील मराठीत लिहिली. तेव्हापासून छापील मराठीतच लिहिते. भाषांची मोजदाद करताना ग्रियर्सनने खानदेशीला भिल्ल बोलींच्या सोबत एका खंडात बसवलं. आमच्या बाईंनी तिला दप्तरात बसवलं. एकूण वर्गात तिला बाक मिळाला नाही.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातली वही मागितली. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून एक पान वाचलं, ओठ हलवत. परत दिली.

"हे तू नाहीस. हे पेपरातलं वाटतं."

मग म्हणाले, "तुझी आई तुला काय म्हणायची ते यात आहे का कुठे? तिच्या बोलीत?"

नाही. तीस वर्षांच्या वह्यांमध्ये आई छापील मराठीत बोलते. सोपानदेवांनी जे केलं नाही ते मी केलं. त्यांनी आईचा शब्द सुधारला नाही, तिच्या तोंडचा होता तसा ठेवला. म्हणून आज पुस्तक उघडलं की आधी असोद्याची बाई ऐकू येते, कविता मागाहून. नेमाड्यांचीही थोरवी मला यातच दिसते. सांगवीचा पोरगा पुण्याला जातो, तिथलं बोलतो, आणि तरी १९६३ च्या त्या 'कोसला'त गाव मागून बोलत राहतं. (मामांनी 'कोसला' वाचलं आहे. त्यांचं मत: "शिकायला गेला आणि परत आला. आमच्या गाडीत असे रोज दहा असायचे.")

इथवर मामा जिंकत आले होते. मग खालून मामीची हाक आली, रोटाचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, धान्य मोजायला घेतलं होतं. आम्ही खाली उतरलो. कानबाईच्या रोटाचा गहू घरातल्या माणसागणिक मुठीने मोजतात. मूठ किती, कशी, हे घरोघरी वेगळं; मामांकडे घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ टाकायची. थोरल्या मामेभावाचं नाव. धाकट्याचं. पोरांची. यंदा पाच महिन्यांचं बाळ होतं, त्याचीही मूठ पडली. जे आले नाहीत त्यांचीही पडते, गेल्या साली दुबईला गेलेल्या पुतण्याची पडली. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "ही आमची रोजनिशी. साल दर साल. कोण आहे, कोण नाही, सगळं यात येतं. आणि हिला वाचायला डोळे लागत नाहीत."

फार सुंदर बोलले. आणि तिथेच चुकले.

"माझी मूठ कुठे आहे, मामा?"

ते थांबले.

"आईची होती? लहानपणी, लग्नाआधी?"

"लेकींची नसते," मामी परातीतून मान वर न काढता म्हणाली. "सुनांची पण नसते. रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही. मी चाळीस वर्षं मोजते आहे, माझी कधी पडली नाही."

ती तक्रार करत नव्हती. चहात साखर किती, हे सांगावं तसं सांगत होती. पण धाकट्या मामेभावाची मुलगी, नववीतली, सुरतेच्या शाळेत जाणारी, तिने मान उचलून पाहिलं.

मी मामांना म्हणाले, "म्हणून मी वही लिहिते. तुमच्या मोजणीत सुरतेतला पोरगा आहे, दुबईतला आहे. मी इथे समोर उभी आहे आणि नाही. बापाच्या गावी मी सुरतवाली, सुरतेत मराठी, सासरी 'धुळ्याकडची'. आखाजीला माहेरी यायचं, झोका घ्यायचा, गाणी म्हणायची आणि परत जायचं. कुठल्याच परातीत माझी मूठ पडत नसेल तर ती मीच टाकायला हवी ना? वाईट लिहिते, पेपरातलं लिहिते, पण तारीख घालते. त्या तारखेला मी होते."

मामा काही बोलले नाहीत. हरले असं मी म्हणणार नाही, कारण वहीच्या भाषेबद्दलचं त्यांचं म्हणणं मी खोडू शकलेले नाही. सांगायला माणूस लागतो हेही खरं. माझा हट्ट एवढाच की ज्या बायकांना ऐकणारा भेटला नाही त्यांनी गप्प बसावं असं त्यातून निघू नये. बहिणाबाई एकच झाल्या, कारण सोपानदेव एकच होते.

धुळ्याचं एक बरं आहे. ब्रिग्ज साहेबाच्या काळापासून आखलेलं गाव, गल्ल्यांना नावं कमी, नंबर जास्त. पण कागद जपायचं वेड या गावाला आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत आयुष्यभर फिरले, इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, आणि ३१ डिसेंबर १९२६ ला देह ठेवला तो इथे. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली हस्तलिखितं आहेत. दुसऱ्याच्या माळ्यावरचे कागद इथे असे जपले गेले. आपल्या घरातल्या बाईचं बोलणं टिपायला मात्र कुणी मागे लागलं नाही, माझ्यासकट.

कानबाई बसल्याच्या दुसऱ्या दिवशी तिची मिरवणूक पांझरा नदीवर गेली. संध्याकाळी सुरतेची माणसं परत निघायच्या घाईत असताना मामा माझ्याजवळ आले, म्हणाले, "वही काढ." मी काढली. आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, त्या दोन ओळी त्यांनी सांगितल्या. हळू, एकेक शब्द. मी लिहायला लागले आणि पहिल्याच शब्दाला त्यांनी थांबवलं. मी 'माझ्या' लिहिलं होतं. त्या 'मन्हा' म्हणाल्या होत्या. खोडून लिहिलं. तेवढ्यात मामी हात पुसत आली आणि म्हणाली, तिसरी ओळ तिला येते. मामांना ती ओळ आहे हेच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ती याच घरात होती.

त्या तीन ओळी इथे देत नाही. मामीने नको म्हटलं. घरच्या आहेत, घरात राहू दे. नववीतल्या पोरीने मात्र मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतल्या, कुणालाही न विचारता.

हा लेख छापायला देण्याआधी मामांना वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी माझी अहिराणी सुधारली, एका ठिकाणी "असं मी म्हटलंच नाही," म्हणाले; ते वाक्य मी काढून टाकलं आहे. भाकरवाली मावशीच्या गावाचं नाव आठवतंय का, म्हणून पुन्हा विचारलं. आठवत होतं. पण सांगितलं नाही. आणि स्वतःचं नाव घालू नको म्हणाले. म्हणून घातलेलं नाही.